व्हिडिओ खेळ : किंमती व प्रादेशिक किंमतभेद

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे इलेक्ट्रॉनिक खेळ आणि ते चालविणारी घरगुती यंत्रे (कन्सोल) यांच्या किंमती १९७२ पासून बदलत गेल्या, तसेच एकाच वेळी निरनिराळ्या देशांत त्या वेगवेगळ्याही राहिल्या. वस्तू एकच, निर्माता एकच, पुष्कळदा कारखानाही एकच. तरी टोकिओ, न्यूयॉर्क, लंडन, साऊँ पाउलू आणि मुंबई येथील ग्राहकांनी तिच्यासाठी मोजलेली रक्कम सारखी नव्हती. या तफावतीचे कारण म्हणून सामान्यतः वाहतूकखर्च व आयात शुल्क यांकडे बोट दाखविले जाते. ते अंशतःच खरे आहे. हलक्या वस्तूचा वाहतूकखर्च फारसा नसतो. आयात शुल्काचा भार काही देशांत खरोखरीच मोठा होता. पण जेथे असे शुल्क मुळीच नव्हते अशा शेजारी देशांतही किंमती भिन्न राहिल्या. स्वस्त देशातील वस्तू महाग देशात जाऊन विकली जाऊ लागली, की भाव एका पातळीवर येतात, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम होय. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत हा नियम लागू पडू नये, अशी तजवीज निर्मात्यांनी केली होती आणि तिचा मोठा भाग यंत्राच्या आतच बसविलेला होता. या किंमतींचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी अशा कुंपणांचा इतिहास आहे.

तुलनेतील अडचणी : जाहीर किंमतींची तुलना करताना तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. अमेरिकेतील जाहीर किंमतीत राज्यांचा विक्रीकर धरलेला नसतो. यूरोपीय देशांत मात्र मूल्यवर्धित कर किंमतीतच अंतर्भूत असतो. विनिमय दर त्या त्या दिवसाचा घ्यावा लागतो. येनचे मूल्य तर या काळात कितीतरी वेळा वरखाली झाले. तिसरी बाब भाववाढीची. अटारी कंपनीचा व्हीसीएस हा संच १९७७ मध्ये अमेरिकेत सु. १९९ डॉलरना मिळे. २०२४ च्या डॉलरमध्ये ही रक्कम सु. १,००० डॉलर होते. ‘पूर्वीचे खेळ स्वस्त होते’ ही समजूत म्हणून टिकत नाही. १९९० च्या सुमारास ५० डॉलरना मिळणाऱ्या कार्ट्रिजची किंमत आजच्या मानाने सु. १२० डॉलर भरेल.

प्रारंभीचा काळ : मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ओडिसी हा पहिला घरगुती संच १९७२ मध्ये सु. १०० डॉलरना विक्रीस आला. यंत्र व खेळ यांची फारकत खऱ्या अर्थाने रूढ झाली ती अटारीच्या संचामुळे. यंत्र एकदाच घ्यावयाचे आणि खेळ मात्र कार्ट्रिजच्या रूपाने वारंवार, ही पद्धत सुरू झाली व नफ्याचे केंद्र यंत्रावरून खेळांकडे सरकले. यंत्र शक्य तितके स्वस्त विकून ग्राहकाला जोडून घ्यावे, प्रसंगी तोटाही सोसावा आणि खेळांवर तो भरून काढावा, हे या उद्योगाचे सूत्र बनले. एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीत कंपनीला कधीही नफा झालेला नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या प्रतिनिधीने २०२१ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयात साक्षीत सांगितले.

या सूत्राची एक दुर्बल बाजू होती. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कार्ट्रिज बनवू शके. १९८२–८३ मध्ये सुमार खेळांचा एवढा पूर आला, की ३५ डॉलरांच्या आसपास विकले जाणारे खेळ दुकानांतून ५ डॉलरना काढून टाकावे लागले. त्याच सुमारास कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची किंमत ५९५ डॉलरवरून सु. २०० डॉलरपर्यंत उतरली. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ खेळांचा धंदा त्यात जवळजवळ बुडाला.

ब्रिटनमध्ये परिस्थिती निराळी होती. तेथे कन्सोलऐवजी स्वस्त घरगुती संगणक लोकप्रिय झाले. १९८२ मध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत असे. त्याचे खेळ साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर मिळत. मास्टरट्रॉनिक या कंपनीने १ पौंड ९९ पेन्सना खेळ विकण्यास प्रारंभ केल्यावर शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांतही खेळ बसू लागला. पुढे जपानी कन्सोल ४० पौंड वा त्याहून महाग कार्ट्रिज घेऊन आले, तेव्हा ब्रिटिश ग्राहकाला ते अवाजवी वाटले, यात नवल नाही. खेळाची ‘रास्त’ किंमत कोणती, याची कल्पना प्रत्येक देशात ज्या माध्यमाने प्रथम रुजविली, ती पुढे बराच काळ टिकून राहिली.

जपानी यंत्रांचे वर्चस्व : निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनना आले. त्या वेळच्या दराने ही किंमत सु. ६० डॉलर होते. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी रिको या उत्पादकाकडे एकदम ३० लाख चकत्यांची (चिप) मागणी नोंदविण्याची हमी देऊन हा भाव साधला होता. अमेरिकेत हेच यंत्र १९८५ च्या अखेरीपासून वेगळ्या पेटीत, एनईएस या नावाने आले. रोबो व बंदूक यांसह त्याच्या संचाची किंमत १८० डॉलरपर्यंत होती.

अटारीची गत आपली होऊ नये म्हणून निन्टेन्डोने यंत्रात कुलपाची चकती बसविली. तिच्याशी जुळणारी चकती असलेलेच कार्ट्रिज यंत्र स्वीकारी आणि अशी कार्ट्रिजे फक्त निन्टेन्डोच बनवून देई. इतर कंपन्यांनी त्यांचे पैसे आगाऊ भरावयाचे, स्वामित्वशुल्क द्यावयाचे आणि न खपलेला माल आपल्याच अंगावर घ्यावयाचा, अशा अटी होत्या. साहजिकच खेळाच्या विक्रीच्या किंमतीत हा सर्व भार मिसळला. अमेरिकेत दुकानदारांनी यंत्राचा भाव ९९ डॉलर ९५ सेंटपेक्षा खाली आणू नये, यासाठी दडपण आणल्याच्या आरोपावरून तेथील संघीय व्यापार आयोग व राज्य सरकारे यांनी निन्टेन्डोविरुद्ध कारवाई केली. १९९१ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ग्राहकांना ५ डॉलरची सूटपत्रे मिळाली. ती वापरण्यासाठी निन्टेन्डोचाच माल घ्यावा लागे, त्यामुळे ही शिक्षा की जाहिरात, असा प्रश्न पडावा.

कुलपाची चकती प्रदेशानुसारही निरनिराळी होती. शिवाय फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० आणि एनईएसच्या कार्ट्रिजला ७२ जोडटोके होती. याला दूरचित्रवाणीच्या भिन्न पद्धतींची जोड मिळाली. जपान व अमेरिका यांमध्ये चित्र सेकंदास ६० वेळा, तर बहुतेक यूरोपात ५० वेळा रेखाटले जाई. हा फरक कोणी मुद्दाम निर्माण केलेला नव्हता. तो विद्युत् पुरवठ्याच्या जुन्या मानकांतून आलेला होता. पण कंपन्यांना तो सोयीचा ठरला. पुष्कळशा खेळांचे यूरोपसाठी नीट रूपांतर न केल्यामुळे ते मूळच्या सहाव्या हिश्श्याने संथ चालत आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत. म्हणजे यूरोपीय मुलगा अधिक पैसे मोजून अधिक मंद खेळ खेळत असे, आणि तुलनेस दुसरे काही समोर नसल्याने त्याला याचा बहुधा पत्ताही नसे.

कार्ट्रिजमधील स्मृतिचकत्या महाग असल्याने मोठ्या खेळांच्या किंमती १९९५ च्या सुमारास कळसाला पोहोचल्या. जपानमध्ये फायनल फँटसी मालिकेतील सहावा खेळ (१९९४) ११,४०० येनना विकला गेला. त्याच मालिकेतील सातवा खेळ (१९९७) सोनीच्या प्लेस्टेशनसाठी सीडीवर निघाला. तो आकाराने कितीतरी मोठा असूनही त्याची किंमत ६,८०० येन होती. तबकडी दाबून काढण्याचा खर्च कार्ट्रिजच्या मानाने नगण्य होता व ती थोड्या थोड्या संख्येने काढता येई. निन्टेन्डोने मात्र निन्टेन्डो ६४ (१९९६) साठी कार्ट्रिजच ठेवली. किंमतींच्या स्पर्धेत तो निर्णय तिला महागात पडला.

यंत्रांच्या किंमतींतील सर्वांत गाजलेला प्रसंग ११ मे १९९५ चा आहे. लॉस अँजेल्स येथील प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न संच ३९९ डॉलरना जाहीर केला. त्यानंतर सोनीचे वक्ते मंचावर आले, त्यांनी केवळ ‘२९९’ हा आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. जपानमध्ये त्याआधी पाच महिने प्लेस्टेशन ३९,८०० येनना आलेले होते; त्या वेळच्या दराने ते जवळजवळ ४०० डॉलर होत. मायदेशातील ग्राहकापेक्षा परदेशी ग्राहकाला कमी भाव, हे बाजार काबीज करण्याच्या ईर्ष्येतून घडले. ब्रिटनमध्ये मात्र तोच २९९ हा आकडा पौंडांत लागला. डॉलरचा आकडा तसाच ठेवून पुढचे चिन्ह तेवढे बदलण्याची ही रीत यूरोपीय ग्राहकांच्या कायमच्या रोषाचा विषय झाली.

हा रोष किती परिणामकारक ठरू शकतो, हे २००२ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अमेरिकेत २९९ डॉलरना होता. १४ मार्च रोजी तो ब्रिटनमध्ये २९९ पौंड, तर युरो चलनाच्या देशांत ४७९ युरो अशा किंमतीस आला. मूल्यवर्धित कर वजा केला, तरी हा भाव अमेरिकेतील भावापेक्षा बराच चढा होता. ग्राहक दुकानांकडे फिरकेनात. सहा आठवड्यांच्या आत किंमत १९९ पौंड व २९९ युरोपर्यंत खाली आणावी लागली. आधी घेतलेल्यांना दोन खेळ व एक नियंत्रक देऊन शांत करण्यात आले. करांच्या व वाहतुकीच्या नावाखाली चढविलेला बोजा खरोखरीच अपरिहार्य असता, तर तो असा एका घोषणेने उतरला नसता.

समांतर व्यापार व न्यायालये : यूरोपीय समुदायात १९९३ पासून अंतर्गत सीमांवर मालाची तपासणी उरली नव्हती, त्यामुळे तेथील किंमतभेद टिकविण्यासाठी वितरकांनाच बांधून ठेवावे लागले. यूरोपीय आयोगाच्या चौकशीत असे आढळले, की १९९१ ते १९९८ या काळात निन्टेन्डो व तिचे सात वितरक यांनी संगनमताने देशादेशांतील समांतर व्यापार रोखला होता. ब्रिटनमधील किंमती जर्मनी व नेदर्लंड्समधील किंमतींपेक्षा काही वेळा ६५ टक्क्यांपर्यंत कमी होत्या. स्वस्त देशातून माल बाहेर जाऊ देणाऱ्या व्यापाऱ्यांना कमी पुरवठा करणे किंवा त्यांच्यावर बहिष्कार घालणे, हे शिक्षेचे मार्ग होते. ऑक्टोबर २००२ मध्ये आयोगाने सर्वांवर मिळून सु. १६·८ कोटी युरोंचा दंड बसविला. त्यातील सु. १४·९ कोटींचा वाटा निन्टेन्डोचा होता. न्यायालयाने तो २००९ मध्ये काहीसा कमी केला. कुंपण ही केवळ तांत्रिक बाब नव्हती, हे या प्रकरणाने कागदोपत्री सिद्ध झाले.

ऑस्ट्रेलियात प्रदेशकुलूप उघडणाऱ्या चकत्यांविषयीचा वाद सर्वोच्च पातळीवरील न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये त्याने सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. स्पर्धा व ग्राहक आयोगाने या दाव्यात सोनीच्या विरोधी बाजूस साहाय्य केले होते. परदेशात कायदेशीर रीत्या विकत घेतलेला खेळ आपल्या यंत्रावर खेळण्याचा ग्राहकाला हक्क असावा, हा त्यामागील विचार होता. यूरोपात उलटे घडले. हाँगकाँग येथील लिक-सँग ही कंपनी सोनीचे पीएसपी हे हातातील यंत्र यूरोपीय ग्राहकांना थेट पाठवीत असे. लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये तिच्या विरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्यात तिला व्यवसाय बंद करावा लागला.

संरक्षित व दुर्बल बाजारपेठा : या इतिहासातील सर्वांत विसंगत भाग असा, की ज्यांचे उत्पन्न कमी त्यांनाच पुष्कळदा अधिक किंमत द्यावी लागली. ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने माहितीतंत्राचा बाजार देशी कंपन्यांसाठी राखून ठेवला. त्या आडोशाने अटारी व निन्टेन्डो यांच्या यंत्रांच्या नकला फोफावल्या. टेक-टॉय या कंपनीने सेगाचा परवाना घेऊन १९८९ मध्ये मास्टर सिस्टिम हे यंत्र देशातच तयार केले. अन्यत्र विस्मृतीत गेल्यावरही ते तेथे कित्येक वर्षे विकले जात राहिले. मोनिका या ब्राझीलच्या लाडक्या चित्रकथा-नायिकेला टेक-टॉयने एका जपानी खेळात आणून बसविले, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण. राखीव धोरण १९९० नंतर सैल झाले, पण आयातीवरील कर राहिले. २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ ब्राझीलमध्ये ३,९९९ रेआलना जाहीर केले. ही रक्कम सु. १,८०० डॉलर होते. अमेरिकेत तेच यंत्र ३९९ डॉलरना होते. उरलेल्या १,४०० डॉलरमध्ये न्यूयॉर्कचे जाण्यायेण्याचे विमानभाडे सहज निघावे. किंमतीच्या सु. दोनतृतीयांश भाग कर व शुल्क यांतच जातो, असा खुलासा कंपनीने केला.

दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक आयातीवर निर्बंध होते, म्हणून तेथे सॅमसंगने सेगाची व ह्यूंदाईने निन्टेन्डोची यंत्रे आपल्या नावांनी विकली. रशियात डेन्डी हे १९९२ च्या अखेरीस आलेले यंत्र म्हणजे फॅमिकॉमची तैवानी नक्कल होती. त्या पिढीला अस्सल यंत्र ठाऊकच नव्हते. चीनने तर २००० मध्ये कन्सोलच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती टप्प्याटप्प्याने २०१५ पर्यंत उठविली.

भारताची कथा याच जातीची आहे. १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीने सेगाशी करार करून मेगाड्राइव्ह भारतात आणले. आयात शुल्क ८० टक्के असल्याने त्याची किंमत सु. १८,००० रुपये होती. त्या वेळच्या दराने हे पाऊणेसहाशे डॉलर होतात, म्हणजे १९८९ मधील अमेरिकेतील मूळ किंमतीच्या जवळजवळ तिप्पट. आणि तोवर हे यंत्र तिकडे जुने होऊन बरेच स्वस्त झाले होते. मध्यमवर्गीय पगारदाराला ते परवडणे शक्य नव्हते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळणाऱ्या फॅमिकॉमच्या नकलांनी ही पोकळी भरून काढली. कार्ट्रिज हा शब्द आपल्याकडे रुजलाच नाही; घरोघरी तिला ‘कॅसेट’ म्हणत आणि तिच्यावर ९,९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. मोजके खेळच त्यात फिरून फिरून येत, हे मुलांच्या लवकरच लक्षात येई. नकली माल हा चोरीचा प्रकार होता, यात शंका नाही; पण या पिढीला अस्सल माल रास्त भावात देण्याची तयारी कोणीच दाखविली नव्हती, हेही नमूद करावयास हवे. पुढे सोनीने प्लेस्टेशन २ चे भाव उतरविले व हैदराबादेत घडविलेला हनुमान : बॉय वॉरियर (२००९) यासारखे खेळही काढले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या सर्वोच्च गटात घालण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आले, म्हणजे सु. ६८५ डॉलरना; अमेरिकेत ते ५०० डॉलरना मिळत होते. बहुसंख्य भारतीय तरुण तोपर्यंत भ्रमणध्वनीवरील विनामूल्य खेळांकडे वळले होते. तेथे खेळाची किंमत शून्य असते व पैसा खेळातील किरकोळ खरेदीतून काढला जातो.

इंटरनेटवरील विक्री : खेळ तबकडीवरून थेट संगणकावर उतरू लागल्यावर वाहतूक व साठवण यांचा खर्च उरला नाही. त्यामुळे किंमती सर्वत्र सारख्या होतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात किंमतभेद अधिक सुलभ झाला, कारण ग्राहक कोठून पैसे भरतो, हे विक्रेत्याला कळू लागले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१३ मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल दिला; पाठविण्याचा खर्च नसलेल्या मालासाठीही तेथील ग्राहक अमेरिकनांपेक्षा पुष्कळ अधिक पैसे देत असल्याचे त्यात दिसून आले. स्टीम या विक्रीस्थळाने उलट दिशेने, गरीब देशांसाठी कमी किंमती ठेवण्याचा प्रघात पाडला. तो स्तुत्य होय. नकली मालाला त्याहून चांगले उत्तर क्वचितच सापडले असेल. परंतु स्वस्त कुरणात शेजारची जनावरे शिरणारच. अर्जेंटिना व तुर्कस्तान येथील भावांचा लाभ घेण्यासाठी अन्य देशांतील ग्राहक आपला पत्ता बदलू लागले. तेथील चलनेही झपाट्याने घसरत होती. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने त्या दोन देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये किंमती लावल्या व तेथील प्रामाणिक खेळाडूंना एकाएकी कितीतरी पट भाव द्यावा लागला. पूर्व यूरोपातील स्वस्त खेळ पश्चिमेकडे चालू नयेत म्हणून लावलेल्या कुलपांबद्दल यूरोपीय आयोगाने २०२१ मध्ये स्टीमची मालक व्हॉल्व्ह व पाच प्रकाशक यांना ७८ लाख युरोंचा दंड केला. जुना खेळ दुसऱ्याला विकण्याची सोयही या पद्धतीत संपली; जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेल्या खेळांची पुनर्विक्री २००२ मध्ये वैध ठरविली होती, पण जी वस्तू हातातच नाही ती विकणार कशी?

अलीकडील बदल : यंत्र जुने होत जाते तसे स्वस्त होते, हा या उद्योगातील चाळीस वर्षांचा अनुभव होता. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरना आले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरपर्यंत उतरले. २०२० नंतर हा क्रम उलटला. चकत्यांचा उत्पादनखर्च पूर्वीसारखा घटेनासा झाला, भाववाढ आली, येनचे मूल्य घसरले आणि २०२५ मध्ये अमेरिकेने नवी आयात शुल्के लावली. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने यूरोप, जपान व अन्य प्रदेशांत प्लेस्टेशन ५ चे भाव वाढविले. अमेरिका तेवढी वगळली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील भावही ५० डॉलरनी वाढले. जपानमध्ये २०२० मधील ४९,९८० येनची किंमत सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९८० येन झाली.

दुर्बल येनमुळे जपान हा स्वस्त देश बनला आणि तेथील माल बाहेर जाण्याची भीती उत्पन्न झाली. निन्टेन्डोने ५ जून २०२५ रोजी स्विच २ विक्रीस आणताना त्यावर नवा तोडगा काढला. ज्याच्यावर केवळ जपानी भाषा चालते व जे जपानमधील खात्यांशीच जोडता येते, असे यंत्र ४९,९८० येनना, म्हणजे सु. ३४५ डॉलरना ठेवण्यात आले; सर्व भाषा चालणारे यंत्र जपानमध्येच ६९,९८० येनना, तर अमेरिकेत ४४९ डॉलर ९९ सेंटना होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनीनेही केवळ जपानी भाषेचे प्लेस्टेशन ५ ५५,००० येनना काढले.